छापलेले आणि गाळलेले

अमेरिकेत स्थायिक झालेले आमचे एक स्नेही मागील हिवाळ्यात कोल्हापुरास आले होते. रंकाळ्याच्या काठाने फिरताना त्यांनी तेथील राजकारणाचा विषय काढला. स्वभावाने ते परंपराप्रिय. कुटुंब, धर्म, मुलांचे शिक्षण, देशाची सीमा या गोष्टींत सरकारने आणि समाजाने जुने बंध सैल होऊ देऊ नयेत, असे त्यांचे मत आहे. परंतु त्यांचा खरा राग सरकारवर नव्हता, वृत्तपत्रांवर होता. न्यूयॉर्क आणि वॉशिंग्टन येथील बडी पत्रे व दूरचित्रवाहिन्या आमच्यासारख्यांचे म्हणणे खोटे ठरवीत नाहीत, ते आतल्या पानावर ढकलतात, आणि त्यांना जे महत्त्वाचे वाटते ते महिनाभर पहिल्या पानावर राहते, असे ते म्हणाले. बोलताना त्यांचा आवाज चढला होता. आम्ही ऐकून घेतले.

त्यांचे सारे म्हणणे आम्हांस पटले असे नाही. तेथील परंपरावादी पक्षाला आज स्वतःच्या मोठमोठ्या वाहिन्या आहेत. १९४९ पासून अमेरिकेत नभोवाणी व दूरचित्रवाणी केंद्रांवर असा एक नियम होता की, सार्वजनिक वादाच्या प्रश्नावर दोन्ही बाजूंना वाव दिला पाहिजे. तो १९८७ मध्ये रद्द झाला. पुढच्याच वर्षी रश लिंबॉ यांचा कार्यक्रम देशभर ऐकू येऊ लागला आणि १९९६ मध्ये फॉक्स न्यूज ही वाहिनी निघाली. तेव्हा आम्हांला कोणी विचारीत नाही, ही तक्रार आता तेथे दोन्ही पक्ष करतात. पण तक्रारीचे मूळ आम्हांस खोटे वाटले नाही. वृत्तपत्र आपला पक्ष अग्रलेखात सांगते, त्याहून अधिक तो जागेच्या वाटपात सांगत असते.

रंकाळ्यावरून परतताना आमच्या मनात आले की, हीच तक्रार याच गावाने शंभराहून अधिक वर्षांपूर्वी केली होती. फरक इतकाच की पक्ष उलटे होते. येथे छापखाने जुन्या मताच्या हाती होते आणि आमचे म्हणणे कोणी छापीत नाही, असे म्हणणारा मनुष्य सिंहासनावर बसला होता.

अमेरिका आणि कोल्हापूर यांचा संबंध नवा नाही. १८५२ साली रॉयल वाइल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी येथे आले. शाळा चालविण्याच्या प्रश्नावरून त्यांचे आपल्याच मंडळाशी बिनसले. मंडळाचे धोरण शाळांवरचा भर कमी करण्याचे होते आणि वाइल्डर यांना शाळा हव्या होत्या. पुढे मायदेशी परतल्यावर १८७८ मध्ये त्यांनी स्वतःचे एक मासिक काढले. ते कोणत्याही मंडळाच्या ताब्यात नव्हते आणि मंडळांवर टीका करण्यास कचरत नसे. कोल्हापुरात जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट पुढे विद्यार्थ्यांच्या मोठ्या चळवळीचा अध्वर्यू झाला, ती कथा वेगळी. येथे सांगावयाचे ते एवढेच की, आपली बाजू दुसऱ्याच्या पत्रात येत नाही म्हणून स्वतःचे पत्र काढावे, हा विचार कोल्हापुरास पुढे फार उपयोगी पडला.

त्या गोष्टीकडे वळण्यापूर्वी १८८१ सालचे प्रकरण सांगणे प्राप्त आहे. त्यावाचून पुढचा कडवटपणा नीट समजत नाही.

कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी, ज्यांना काही गणनेत सहावे म्हणतात, हे दत्तक आलेले तरुण राजे. त्यांना वेड लागले आहे असे सरकारचे म्हणणे, आणि वेडाच्या नावाखाली त्यांचा छळ चालला आहे असे लोकांचे म्हणणे. कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. १८८१ च्या जानेवारीत पुण्यास 'मराठा' आणि 'केसरी' ही दोन पत्रे निघाली होती. वर्ष सरण्याच्या आतच त्यांनी कोल्हापूरचे प्रकरण हाती घेतले. दिवाणांनी राजाविरुद्ध कट केल्याचे दाखविणारी काही पत्रे संपादकांच्या हाती आली आणि त्यांनी त्यांच्या आधारे लेखणी चालविली. दिवाणांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. ती पत्रे बनावट ठरली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी जुलै १८८२ मध्ये टिळक व आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली. मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरात सुटले. आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तकही लिहिले.

या प्रकरणातील तीन गोष्टी आमच्या मते विसरू नयेत. पहिली, दिवाण ब्राह्मण होते आणि त्यांच्यावर तुटून पडलेले संपादकही ब्राह्मणच होते. छळ होत होता तो मराठा राजाचा. तेव्हा 'केसरी' पहिल्यापासून जातीच्या चष्म्यातून कोल्हापूरकडे पाहत होता, हे म्हणणे टिकत नाही. शिवाय त्या वेळी 'केसरी'चे संपादकत्व आगरकरांकडे होते, आणि आगरकर कोणत्या मताचे हे महाराष्ट्रास ठाऊक आहे. दुसरी गोष्ट जामिनाची. दहा हजार रुपयांचा जामीन देण्यासाठी पुढे आले ते रामशेठ उरवणे, आणि त्यांना पुढे आणले जोतीराव फुले यांनी. त्यांची आणि पुण्याच्या या तरुण मंडळींची मते जुळत नव्हती. तरीही मराठा राजासाठी तुरुंगात जाणाऱ्यांच्या पाठीशी उभे राहावे, असे फुल्यांना वाटले. हा मोठेपणा पुढील चाळीस वर्षांच्या भांडणात कोणास फारसा आठवला नाही.

तिसरी गोष्ट त्या बनावट पत्रांची. संपादक लबाड नव्हते. जे खरे असावे असे मनापासून वाटत होते, ते हाती आले म्हणून त्यांनी पारखून घेतले नाही. अमेरिकेतील स्नेह्यांना आम्ही ही हकीकत सांगितली, तेव्हा ते हसले आणि म्हणाले की आमच्याकडे हे दर आठवड्यास घडते.

तो तरुण राजा १८८३ च्या नाताळाच्या दिवशी अहमदनगरच्या किल्ल्यात, पहारेकरी गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर मरण पावला. मार्च १८८४ मध्ये कागलकर घाटग्यांचा दहा वर्षांचा मुलगा यशवंतराव दत्तक घेतला गेला. तेच शाहू महाराज. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांच्या हाती अधिकार आले, तेव्हा राज्यकारभारातील ७१ जागांपैकी ६० जागांवर ब्राह्मण अधिकारी होते. हा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्या काळच्या वर्तमानपत्रांना ही बातमी वाटली नाही. नदीचे पाणी खाली वाहते ही जशी बातमी नव्हे, तशीच ही.

बातमी झाली ती मंत्रांची. १८९९ च्या सुमारास कार्तिक महिन्यात महाराज पहाटे पंचगंगेवर स्नानास जात. सोबत पुरोहित असे. एके दिवशी मुंबईचे राजारामशास्त्री भागवत महाराजांबरोबर होते. हे शास्त्रीबुवा स्वतः ब्राह्मण, संस्कृतचे गाढे पंडित, मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात अध्यापन केलेले. पुरोहित म्हणत आहे ते मंत्र वेदोक्त नसून पुराणोक्त आहेत, हे त्यांनी महाराजांच्या लक्षात आणून दिले. ख्रिस्ती वाचकांसाठी खुलासा करावयाचा तर, द्विज मानलेल्यांचे विधी वेदांतील मंत्रांनी होत आणि शूद्र मानलेल्यांचे पुराणांतील श्लोकांनी. विचारणा करता पुरोहिताने सांगितले की, शूद्रांस पुराणोक्तच सांगावे लागते, आणि त्यासाठी स्वतः स्नान करून येण्याचीही गरज नाही. राज्यातील सर्वश्रेष्ठ मनुष्यास त्याच्याच पगारी पुरोहिताने, नदीच्या पाण्यात उभे असताना, तू कोण आहेस ते सांगितले.

महाराजांनी राजोपाध्यांना वेदोक्त विधी करण्याची आज्ञा केली. त्यांनी ती मानली नाही. समिती नेमली गेली, तिने महाराजांच्या बाजूने निर्णय दिला आणि १९०२ च्या मे महिन्यात राजोपाध्यांची इनामे खालसा झाली. दाद मागत प्रकरण मुंबई सरकारकडे आणि तेथून हिंदुस्थान सरकारकडे गेले. कोठेही राजोपाध्यांना यश आले नाही.

ऑक्टोबर १९०१ मध्ये 'केसरी'ने या विषयावर अग्रलेख लिहिले. त्यांचा एकूण रोख असा होता की, वेदोक्ताचा हट्ट धरल्याने मराठ्यांचा दर्जा काही वाढणार नाही, आणि पुरोहिताला त्याच्या परंपरेविरुद्ध विधी करावयास लावणे व त्यासाठी त्याचे वतन हिरावणे हे न्याय्य नव्हे. आमचे अनेक इतिहासकार हे अग्रलेख उद्धृत करून टिळकांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतात आणि पुढे जातात. आम्हांस तसे करवत नाही, कारण त्या म्हणण्यात एक प्रश्न खरोखरच आहे. एखाद्या धर्माधिकाऱ्याला त्याची श्रद्धा सांगते की अमुक विधी अमुक व्यक्तीसाठी मी करू शकत नाही. राजसत्तेने त्यास ते करावयास भाग पाडावे काय? हा प्रश्न उद्या आमच्या पाळकांपुढेही येऊ शकतो, आणि तेव्हा आम्ही राजाच्या बाजूस असूच असे नाही.

परंतु त्या प्रश्नाची दुसरी बाजूही तितकीच खरी. इनामे ही सेवेसाठी होती. सेवा करावयाची नाही आणि जमिनीचे उत्पन्न मात्र पिढ्यान्‌पिढ्या घ्यावयाचे, याला विवेकस्वातंत्र्य म्हणता येत नाही. ज्याला सेवा मान्य नाही त्याने वतन सोडावे. शिवाय १६७४ साली गागाभट्टांनी शिवछत्रपतींचा राज्याभिषेक वेदोक्त पद्धतीने केला होता. सव्वादोनशे वर्षांनंतर त्याच घराण्याच्या वारसास नदीवर जे ऐकावे लागले, त्यात परंपरेचे रक्षण कोणते होते, हे त्या काळच्या सनातनी लेखकांनी पुरेसे स्पष्ट केले नाही. परंपरावाद्याने निदान परंपरा तरी नीट पाहावी, ही अपेक्षा फाजील नव्हे.

आणखी एक गोष्ट, जी वाचकांस सांगितल्यावाचून राहवत नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात टिळक ताईमहाराज दत्तक प्रकरणात गुंतले होते. पुण्याचे सरदार बाबामहाराज १८९७ मध्ये वारले. टिळक त्यांच्या इस्टेटीचे एक विश्वस्त होते. या घराण्याचे इनाम कोल्हापूर संस्थानातही होते. विश्वस्तांनी जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे एक मुलगा दत्तक दिला. ताईमहाराजांनी नंतर दुसराच, कोल्हापूरकडचा मुलगा दत्तक घेतला आणि शाहू महाराजांचा पाठिंबा या दुसऱ्या दत्तकास होता. हा खटला प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ साली टिळकांची बाजू खरी ठरली. म्हणजे वेदोक्तावरील अग्रलेख ज्या शरद ऋतूत निघाले, त्याच वेळी संपादक आणि महाराज यांच्यात दुसरेही एक भांडण पेटले होते. त्यामुळे अग्रलेखांतील तर्क खोटा ठरत नाही. पण वाचकाला हे ठाऊक असते तर त्याने ते लेख जरा वेगळ्या डोळ्यांनी वाचले असते.

आता त्याच वर्षांतील दुसऱ्या बाबी पाहा. एप्रिल १९०१ मध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य मानलेल्या जाती, आणि ख्रिस्ती विद्यार्थी यांच्यासाठीही पुढे वसतिगृहे निघाली. खेड्यातील शेतकऱ्याचे पोर गावातल्या शाळेपलीकडे जाऊ शकत नसे, कारण कोल्हापुरात त्यास कोणी भाकरी घालीत नसे आणि घरात ठेवून घेत नसे. त्या आधीच्या दुष्काळांत महाराजांनी स्वस्त धान्याची दुकाने उघडली होती आणि कामावर जाणाऱ्या बायांच्या लहान मुलांसाठी शिशुगृहे चालविली होती. २६ जुलै १९०२ रोजी करवीर सरकारच्या गॅझेटात जाहीरनामा निघाला की, यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांतून भरल्या जातील. महाराज तेव्हा सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त विलायतेत होते. हिंदुस्थानात एखाद्या राज्याने असे केल्याचे याहून जुने उदाहरण आमच्या माहितीत नाही.

राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांना यात दिसला तो मुख्यतः गुणवत्तेचा ऱ्हास आणि फुटीचे बीज. आपण एकजुटीने परकीय सत्तेशी लढावयाचे, त्या वेळी जातींच्या वाटण्या कसल्या, हा त्यांचा युक्तिवाद होता. हा युक्तिवादही पोकळ नव्हता. इंग्रज सरकारला ब्राह्मणविरोधी चळवळ सोयीची होती आणि तिचा वापर करण्याचे त्याने सोडले नाही. 'केसरी'ने १८९६-९७ च्या दुष्काळात रयतेची बाजू किती निर्भयपणे मांडली, हेही कोणी नाकारू नये. ज्यांना उपाशी शेतकरी दिसला त्यांना शिकू पाहणारा शेतकरी मात्र दिसला नाही, याचे नवल वाटते. साठ आणि एकाहत्तर या आकड्यांवर कोणी अग्रलेखमाला लिहिली असती, तर गुणवत्तेच्या त्या चर्चेस आम्ही अधिक मान दिला असता.

येथे कोल्हापुरातीलच एका संपादकांचा उल्लेख करावा लागेल. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर हे राजाराम कॉलेजातील अध्यापक. 'ग्रंथमाला', 'समर्थ' आणि 'विश्ववृत्त' ही तीन नियतकालिके त्यांच्या परिश्रमावर चालली. मताने जुने, राष्ट्रीय शिक्षणाचे कट्टर पुरस्कर्ते, महाराजांच्या धोरणाचे विरोधक. १९०८ मध्ये 'विश्ववृत्ता'त पंडित सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांच्या तेजस्वितेवरील लेख छापल्याबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचा खटला झाला आणि त्यांना शिक्षा भोगावी लागली. वेदमंत्र कोणासाठी म्हणावेत यावर ज्या गावात दहा वर्षे रणे माजली, त्याच गावात वेदमंत्रांचा अर्थ सांगणारा लेख सरकारला राजद्रोही वाटला. विजापूरकरांची सामाजिक मते आम्हांस मान्य नाहीत. परंतु छापलेल्या शब्दासाठी त्यांनी मोजलेली किंमत मोठी होती, आणि अशा माणसास केवळ प्रतिगामी म्हणून निकालात काढणे हाही एक प्रकारचा गाळीव इतिहासच होय.

महाराजांनी या साऱ्यावर शोधलेला उपाय वाइल्डरसाहेबांच्या जातीचा होता. फुल्यांच्या अनुयायांत पत्र काढण्याची परंपरा जुनी होती. कृष्णराव भालेकरांचा 'दीनबंधू' १८७७ चा. १९१० साली भालेकरांचे पुत्र मुकुंदराव पाटील यांनी 'दीनमित्र' पुन्हा सुरू केला आणि पुढे तो नेवाशाजवळच्या तरवडीसारख्या खेड्यातून चालविला. शहरातील अग्रलेखांस खेड्यातील छापखान्याने उत्तर द्यावे, ही कल्पनाच त्या काळी अचाट होती. बडोद्यास भगवंतराव पाळेकरांची 'जागृति' आणि पुण्यास श्रीपतराव शिंद्यांचा 'विजयी मराठा' निघाला. अशा पत्रांच्या पाठीशी कोल्हापूरचा हात असे.

राजाच्या पैशावर चालणारे पत्र स्वतंत्र कसे, असे विरोधक विचारीत, आणि ते चुकीचे विचारीत होते असे म्हणता येणार नाही. ब्राह्मणेतर पत्रांतील भाषाही नेहमीच शोभनीय नव्हती. १९२५ मध्ये दिनकरराव जवळकरांनी लिहिलेल्या 'देशाचे दुश्मन' या पुस्तिकेत टिळक-चिपळूणकरांवर जी भाषा वापरली गेली, ती आज वाचताना मान खाली जाते. तीवरून खटला झाला, शिक्षा झाली, आणि अपिलात आरोपी सुटले. त्यांची बाजू मांडणारे वकील होते बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा दोन्ही बाजूंस शाई सारखीच काळी होती. मात्र एका बाजूस वाचक, वर्गणीदार, पदवीधर लेखक आणि जाहिरातदार आयते मिळत होते. दुसऱ्या बाजूस ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांतील बहुतेकांना वाचताच येत नव्हते. १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले, ते एका अर्थी वृत्तपत्रासाठी वाचक निर्माण करण्याचे काम होते.

अमेरिकेच्या इतिहासात या कथेचे जुळे भावंड सापडते. १६ मार्च १८२७ रोजी न्यूयॉर्क शहरात सॅम्युएल कॉर्निश आणि जॉन रसवर्म या दोन कृष्णवर्णी गृहस्थांनी 'फ्रीडम्स जर्नल' हे साप्ताहिक काढले. आजवर आमच्याविषयी दुसरेच बोलत आले, आता आम्ही स्वतः बोलू, असा त्यांचा भाव होता. दोनच वर्षांत ते बंद पडले. पुढे गोऱ्या मंडळींनीही गुलामीविरोधी पत्रे काढली, तेव्हा दक्षिणेकडील राज्यांनी ती टपालातूनच अडविली. १८३५ मध्ये चार्ल्सटन येथे जमावाने टपालातील असा मजकूर जाळला. १८३७ मध्ये इलिनॉय राज्यातील ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय या संपादकास जमावाने ठार केले. त्यांचे छापखाने त्यापूर्वी तीन वेळा मोडले गेले होते. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहानेही १८३६ ते १८४४ या काळात असा नियम ठेवला की, गुलामीविरोधी अर्ज आले तर ते चर्चेस न घेता बाजूस ठेवावेत. म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे नाही, तो प्रश्न उपस्थितच होऊ द्यावयाचा नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' प्रसिद्ध करताना ती गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतील सज्जनांस अर्पण केली. तो देश त्यांनी पाहिलेला नव्हता. परंतु तेथे काय गाळले जात होते हे त्यांना येथे राहून समजत होते.

रंकाळ्यावर भेटलेल्या आमच्या स्नेह्यांस आम्ही हे सारे सांगितले नाही. त्यांच्या मते त्यांचा पक्ष दडपला गेलेला आहे, आणि तेथील कृष्णवर्णीयांच्या मते तोच पक्ष दडपणारा आहे. त्या देशात राहून मत देणाऱ्यांनी ते आपसांत ठरवावे. आम्ही त्यांना फक्त १९२० ची एक गोष्ट सांगितली.

कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले डॉ. आंबेडकर मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवीत होते. चित्रकार दत्तोबा दळवी यांच्या मार्फत महाराजांची त्यांच्याशी ओळख झाली. महाराज परळच्या चाळीत त्यांना भेटावयास गेले. अस्पृश्यांचे म्हणणे मांडणारे पत्र काढावयाचे होते आणि पैसा नव्हता. महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' निघाला. सरकारी कॉलेजातील नोकरीमुळे संपादक म्हणून आंबेडकरांचे नाव घालता आले नाही. ते पांडुरंग नंदराम भटकर यांचे घातले गेले. दोन महिन्यांच्या आतच, २१ व २२ मार्च रोजी, कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. शिकार आटोपून आलेले महाराज तीत बोलले आणि तुम्हांला तुमचा पुढारी सापडला आहे असे त्यांनी जमलेल्यांस सांगितले. मोठ्या जनसमुदायापुढे एका छत्रपतीने हे शब्द उच्चारले.

'मूकनायक' निघणार ही जाहिरात 'केसरी'कडे पाठविली होती. फुकट छापावी असा आग्रह नव्हता, पैसे देण्याची तयारी होती. 'केसरी'ने ती घेतली नाही. टिळक तेव्हा हयात होते, त्याच वर्षी १ ऑगस्ट रोजी त्यांचे देहावसान झाले. जाहिरात नाकारण्याचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला की कचेरीतील कोणी, या वादात आम्ही शिरत नाही. अडतीस वर्षांपूर्वी कोल्हापूरच्या राजासाठी ज्या पत्राचे संपादक तुरुंगात गेले होते आणि ज्यांच्या जामिनासाठी फुले धावले होते, त्याच पत्राला कोल्हापूरच्या राजाच्या साहाय्याने निघालेल्या पाक्षिकाच्या चार ओळी पैसे घेऊनही छापवल्या नाहीत.

आमचे स्नेही बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मग ते पत्र चालले का?"

फार चालले नाही. आंबेडकर त्याच वर्षी अपुरे शिक्षण पुरे करण्यास लंडनला गेले, त्यांनाही महाराजांचे साहाय्य होते. ६ मे १९२२ रोजी मुंबईत महाराजांचे निधन झाले, वयाची अठ्ठेचाळीस वर्षेही पुरी झाली नव्हती. पुढच्या वर्षी 'मूकनायक' बंद पडला. एप्रिल १९२७ मध्ये आंबेडकरांनी 'बहिष्कृत भारत' सुरू केला, आणि सात वर्षांपूर्वी नाकारलेल्या त्या जाहिरातीची हकीकत छापून आली ती या दुसऱ्या पत्रात.